गुलामगिरी एका सहीने संपली नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील गुलामगिरीवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. १ जानेवारी १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली आणि गुलाम मुक्त झाले, असे त्यात म्हटले आहे. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. हे वाक्य फार टोचले.

तो जाहीरनामा यादवी युद्धात अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील बंडखोर प्रदेशापुरताच होता. केंटकी आणि डेलावेअर या न फुटलेल्या राज्यांत गुलामगिरी डिसेंबर १८६५ पर्यंत, म्हणजे ती बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती होईपर्यंत कायदेशीर होती.

मुळात सुरुवात गुलामांनीच केली. मे १८६१ मध्ये, युद्धाला दीड महिनाही झाला नव्हता तेव्हा, फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे रात्री होडीतून बंडखोर व्हर्जिनियातील, पण लिंकन यांच्या सैन्याच्या ताब्यातल्या मन्रो किल्ल्यावर गेले. मालकाचा माणूस त्यांना मागायला आला. किल्ल्याचे प्रमुख जनरल बटलर यांनी विचारले, तुम्ही स्वतःला परका देश म्हणवता, मग पळालेले गुलाम परत करण्याचा आमचा कायदा कसा मागता? त्यांनी तिघांना शत्रूचा 'जप्त माल' म्हणून ठेवून घेतले. माणसाला माल म्हणणारा तो शब्द वाईटच, पण त्याच्या आडोशाला पुढे हजारो जण बायकामुलांसह आले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. मी त्या लोकांत या तिघांनाही धरतो.

लेखात जमिनीचा तर उल्लेखच नाही. जानेवारी १८६५ मध्ये दक्षिणेतील सव्हाना शहरात लिंकन यांच्या सैन्याचे जनरल शर्मन यांनी २० कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना विचारले, तुम्हाला काय हवे? त्यांच्या वतीने बोलणारे गॅरिसन फ्रेझियर ६७ वर्षांचे होते, पैसे मोजून त्यांनी स्वतःची सुटका करून घेतली होती. ते म्हणाले, जमीन द्या, आम्ही आमच्या कष्टाने कसू. चारच दिवसांत हुकूम निघाला. किनाऱ्यालगतची जमीन, कुटुंबामागे ४० एकरपर्यंत. सुमारे ४० हजार माणसे तिथे वसली, पेरणी झाली. एप्रिलमध्ये लिंकन यांचा खून झाला, आणि नवे अध्यक्ष जॉन्सन यांनी वर्ष सरायच्या आत जमिनी जुन्या मालकांना परत देऊ केल्या.

हे सांगायला मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे प्रमुख जनरल हॉवर्ड ऑक्टोबरमध्ये त्याच किनाऱ्याजवळच्या एडिस्टो बेटावर गेले आणि मालकांना क्षमा करा म्हणाले. बेटावरच्या लोकांनी लेखी उत्तर दिले: ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला चाबकाने फोडले, त्याला मी क्षमा कशी करू?

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा