रजेच्या पगारात ओटी (ओव्हरटाइम) का धरत नाहीत?

संपादक साहेब, नमस्कार.

मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे, एकवीस वर्षं झाली. आमच्याकडं ओटी म्हणजे कधीतरी काम वाढलं म्हणून थांबणं असं राहिलेलंच नाही, भट्टी चालू असली की रोज दोन तास ठरलेले, नाही म्हणाय गेलं तर दुसऱ्या दिवशी फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करायला) पाठवतात, तिथली धूळ खाल्लेल्यालाच माहीत. घरचं गणित पण ओटी धरूनच, पोराची फी, सोसायटीचा हप्ता सगळं.

गेल्या गणपतीत सहा दिवस ईएल (हक्काची पगारी रजा) टाकली. दिवसाची हजेरी 480 रुपये, दोन तासाची ओटी डबलने 240, म्हणजे दिवसाला 720 पडतात. स्लिप बघतोय तर रजेचे सहाही दिवस 480 नंच, 1440 रुपये गेले. ऑफिसात विचारलं तर क्लार्क म्हणाला कायदाच तसा आहे की. मला वाटलं गंडवतोय. पोराकडनं वाचून घेतलं (कागद कन्नडमधे, ती रड वेगळीच) तर खरंच, 1948 च्या फॅक्टरी कायद्यात 79 कलमाने वर्षात 240 दिवस भरले की दर 20 दिवसाला एक रजा, आणि 80 कलमात त्या रजेचा पगार मागच्या महिन्याच्या सरासरीने, महागाई भत्ता धरून पण ओटी आणि बोनस सोडून. त्याच्या जागी 2025 पासनं लागू झालेल्या नव्या लेबर कोडमधे 240 चे 180 दिवस केले पण वेतनाच्या व्याख्येतनं ओटी बाहेरच!

बहिणीचा जावई मडगावचा, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गोदामात आहे. फोनवर हे सांगितलं तर हसाय लागला. तिकडं 2014 मधे बेअर स्कॉटलंड कंपनीच्या केसमधे कामगार खटल्यांच्या अपील ट्रिब्युनलने निकाल दिला की मालकाने सांगितल्यावर करावीच लागते ती ओटी रजेच्या पगारात धरा, सगळ्या रजेला नाही, वर्षातल्या चार आठवड्यांच्या. त्याने मागचा फरक मागितला तेव्हा शेवटच्या कमी पगारापासनं तीन महिन्यांत आधी अ‍ॅकासकडं (तिकडची तडजोड करणारी सरकारी संस्था) जायचं, मग ट्रिब्युनल, आणि मागं फार तर दोन वर्षांचा. पट्ठ्याने सगळ्या स्लिपा प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेल्या म्हणून जमलं. आमच्यातले निम्मे स्लिप घेतात आणि चहाच्या टपरीवरच टाकून येतात.

आता माझं म्हणणं एवढंच, कायद्यात कमीत कमी किती द्यायचं ते लिहिलंय, त्याच्यावर देऊ नका असं कुठं लिहिलंय? करारात जास्त ठरवून घेता येतं. मग वर्षभर सलग ओटी केलेल्याची सरासरी धरा हे युनियनवाल्यांनी मागण्यांच्या चार्टरमधे घालायला काय हरकत? दरवेळी पगारवाढ, कँटीन आणि बूट, एवढ्यावरच मिटवून सोडतात. पुढच्या ॲग्रीमेंटला आमच्या शेडमधले मागणार आहेत, मच्छेकडच्या कारखान्यांतल्या पोरांनी पण मागावं म्हणून हे लिहिलं.

नाव तेवढं छापू नका, अजून नोकरी करायची आहे.

एक फौंड्री कामगार, येळ्ळूर