कराडच्या स्टुडिओतल्या काकांचे जाहीर आभार

ती. काका यांस,

साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. ते तुम्हाला रुचणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. लग्नाचे फोटो काढायला लागलेली मुलं-मुली आता मला विचारतात, "ताई, कॅमेरा कोणता घेऊ?" मी त्यांना जे सांगते ते सगळं तुमच्याकडून आलेलं आहे, आणि हे त्यांनाही कळायला हवं.

मी पहिल्यांदा तुमच्या स्टुडिओची पायरी चढले तेव्हा माझ्याकडे निकॉनचा डी५३००, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आणि भिशीचे पैसे होते. सगळे पैसे घालून नवी कोरी मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घ्यायची, हे मनात पक्कं होतं. तुम्ही कॅमेऱ्याचा विषयच काढला नाहीत. "तुला लग्नं कुठली मिळणार?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, आमच्या पंचक्रोशीतली. हळद घरी, लग्न दारातल्या मांडवात, नाहीतर तालुक्याच्या कार्यालयात. "मग दोन-चार लग्नांना आमच्याबरोबर चल, उजेड कसा असतो ते बघ, आणि पैसे तोवर बँकेत राहू दे."

त्या लग्नांनी माझी यादी बदलली. हळदीची खोली म्हणजे दहा बाय दहा, त्यात आत्या, मावश्या, शेजारणी आणि मध्ये पाट. तिथे ५० मिलिमीटरची लेन्स डी५३०० वर लावली की त्याच्या छोट्या सेन्सरमुळे ती ७५ सारखी वागते आणि पाठ भिंतीला टेकली तरी चौकटीत नुसता चेहरा येतो. लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवात फ्लॅश वर फिरवला की उजेड कापडाचा रंग घेऊन खाली येतो, तोही निम्माच. कार्यालयाचं पांढरं, बुटकं छत असेल तर बाउन्स करावा. मांडवात मात्र फ्लॅश स्टँडवर, स्टेजच्या कोपऱ्यात, तो दुरून उडवणारा ट्रिगर लावून. स्टेजवरच्या स्वस्त एलईडीमुळे फोटोवर काळे पट्टे येतात, त्याचं कारण मला तुमच्याकडेच कळलं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं की पट्टे जातात. हे ऐकलं आणि पैशांची विभागणी मी पुन्हा मांडली: आधी दोन फ्लॅश, स्टँड, ट्रिगर आणि चार्जिंगचे सेल, मग लेन्स, आणि उरेल त्यात बॉडी.

बॉडीच्या बाबतीत तुमची अट एकच होती, कार्डाचे दोन स्लॉट. एका कार्डावर फोटो गेला की तोच दुसऱ्यावरही गेला पाहिजे. सप्तपदी कोणी पुन्हा घालणार नाही. म्हणून तुम्ही २०१४ साली आलेला निकॉनचाच डी७५० सुचवलात, तोही सेकंड हँड, आणि माझा डी५३०० विकू दिला नाहीत. डी७५० वर ३५ एफ १.८ ची लेन्स, डी५३०० वर ८५ एफ १.८ ची. ती ८५ त्या छोट्या सेन्सरवर साधारण १२८ सारखी वागते, म्हणजे एका खांद्यावर गर्दी आणि दुसऱ्यावर नवरीचे डोळे. मला स्वस्तातली जुनी ५० एफ १.८ डी खुणावत होती. "डी५३०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, ती लेन्स हातानेच फिरवत बसशील," हे तुम्ही सांगितलंत म्हणून ते पैसे वाचले. दोन्ही कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या वेगळ्या, तेव्हा चार्जर दोन आणि त्यांच्यावर रंगीत चिकटपट्टी, हेही तुमचंच.

मग महालक्ष्मी एक्स्प्रेसने आपण मुंबईला गेलो. तुम्ही, मी आणि माझा भाऊ. फोर्टातल्या बोरा बाजारात तुम्ही बॉडी कशी तपासलीत ते मी कधीच विसरणार नाही. आधी दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून फोटो. मग लेन्सचं छिद्र बारीक करून, एफ १६ वर, पांढऱ्या भिंतीचा फोटो, सेन्सरवरची धूळ दिसावी म्हणून. फोटोची फाइल लॅपटॉपवर उघडून शटर किती चाललंय तो आकडा. फ्लॅश बसवून तो हॉटशूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या खाचेत, हलतोय का. लेन्सच्या मागून टॉर्च मारून आत बुरशीचं जाळं आहे का. दुकानदार घाई करत होता, तुम्ही अजिबात केली नाहीत. "पैसे तिचे आहेत," एवढंच म्हणालात.

पण सामानापेक्षाही मोठं देणं अंतरपाटाचं आहे. लग्नात या क्षणाइतकं काहीच अवघड नाही, असं मला आजही वाटतं. मुहूर्ताच्या आधी तुम्ही गुरुजींकडे गेलात, नमस्कार केलात आणि विचारलंत: अंतरपाट कुठल्या बाजूने काढणार, घरचं कोणी मंगलाष्टक म्हणणार आहे का? मग मला बाजूला उभं केलंत, असं की अंतरपाट कडेवरून दिसावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोघांचे चेहरे यावेत. पाठीशी मामा, करवल्या, मागे अक्षतांच्या मुठी. "'तदेव लग्नं' ऐकू आलं की बोट शटरवर. त्याच्याआधी सेल बदललेले हवेत." याशिका या जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यात १२० च्या रोलवर १२ फोटो मिळायचे, त्या काळात तुम्ही शेवटच्या मंगलाष्टकाआधी रोल बदलून तयार असायचात. तीच शिस्त मी आता सेल आणि कार्डांना लावते. बँड सुरू होतो, लोक पुढे सरकतात, मोबाइलचे हात वर येतात, आणि कापड खाली आल्यावर दोघं एकमेकांकडे बघतात ते जेमतेम एक-दोन सेकंद. पुढच्या क्षणी हार वर येतात. अक्षता हवेत थिजवायचं काम फ्लॅश करतो. त्या सेकंदात कुठे उभं राहायचं, हे कोणत्याही कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत सापडत नाही.

तुमच्या ऑर्डरवर मी दोन नंबरची फोटोग्राफर म्हणून यायचे तेव्हा नवरीच्या खोलीत तुम्ही मलाच पाठवलंत. "माझी पोरं आत येणार नाहीत, ताई येईल," असं नवरीच्या आईला तुम्ही सांगितलंत आणि त्या घरातल्या बायका मोकळ्या झाल्या. नऊवारीचा काष्टा, मुंडावळ्या बांधताना थरथरणारी आजीची बोटं, हिरव्या चुड्याचे हात. ते फोटो अल्बमात तुम्ही पहिल्या पानांवर घेतलेत. माझे पैसे मुलाकडच्यांनी बाकी देण्याची वाट न बघता दिलेत. याच धंद्यात एका ठिकाणी मला "शिकायला मिळतंय ना" म्हणून फुकट राबवून घेतलं होतं, त्यामुळे ही गोष्ट किती मोठी आहे ते मी जाणते. एकाच गावात, एकाच लग्नसराईत उद्या ही आपल्या तारखा खाणार, हे तुम्हाला दिसत नसेल असं थोडंच आहे? तरी तुम्ही काही हातचं राखलं नाहीत.

आज माझ्याकडे स्वतःच्या ऑर्डरी आहेत. लग्नाहून आल्यावर जेवायच्या आधी दोन हार्ड डिस्कवर फोटो उतरवते आणि त्यातली एक भावाच्या घरी ठेवते. पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत असतात. कोणी नवी बॉडी दाखवली की मी आधी स्लॉट किती ते बघते.

काका, तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा लागायला लागल्या आहेत. तुमच्या एखाद्या तारखेला माणूस कमी पडला तर पहिला फोन मला करा. माझी ऑर्डर नसेल तर दोन्ही बॉड्या आणि दोन्ही फ्लॅश घेऊन येईन. नवरीची खोली माझ्याकडे, आणि पैशांचं बोलणं नको.

तुमची,
दोन नंबरची फोटोग्राफर