बाबा, तुमची बाजू मी नीट मांडली का?

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न.

माझा इंग्रजीचा कोर्स संपला. हे फोनवर सांगायला गेले तर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं आई स्वतःच्या शब्दांत सांगते, म्हणून पत्र.

प्रवेश घेतला तेव्हा बाबा म्हणाले होते, "इतकी वर्षं इंग्रजीत नोकरी केलीस, आता कॉलेजात बसून आणखी काय शिकणार?" प्रश्न रास्त होता. व्याकरण तर जवळजवळ नव्हतंच. शिकवलं ते लिहायचं कसं, आणि त्याआधी, कोणासाठी.

शाळेत निबंध म्हणजे एका बैठकीत उरकायचं काम. सुरुवातीला सुविचार, मधे मुद्दे, शेवटी उपदेश. इथे पहिला खर्डा वाईटच असणार हे गृहीत धरलेलं. दहा मिनिटं घड्याळ लावायचं आणि हात न थांबवता लिहीत सुटायचं. खोडायचं नाही, मागे वळून वाचायचं नाही. पीटर एल्बो या अमेरिकी प्राध्यापकांच्या 1973 च्या पुस्तकामुळे ही पद्धत सगळीकडे गेली. मला ती आधी पोरकट वाटली. पण चार ओळी फालतू निघाल्या की पाचवीत काहीतरी खरं सापडतं, आणि तेवढ्यासाठी बाकीचा कागद वाया गेला तरी चालतो.

खरी मेहनत पुढे. खर्डा झाला की प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एक ओळ लिहायची: हा परिच्छेद इथे काय करतोय? उत्तर सुचलं नाही तर परिच्छेद काढायचा, कितीही आवडता असला तरी. आई, तू माझ्या वह्यांतल्या वेलांट्या-उकार तपासायचीस, तेवढंच बारकाईचं हे काम आहे. फक्त इथे चूक शब्दात नसते, क्रमात असते. मग आमच्या वर्गातली विशीतली मुलं माझा खर्डा वाचायची. "छान आहे" म्हणायला बंदी होती. कुठे कंटाळा आला, कुठे समजलं नाही, कुठे पटलं नाही, एवढंच सांगायचं. ऑफिसात इतकी वर्षं माझं लिखाण कोणी असं वाचलं नव्हतं. तिथे लोक फक्त 'ओके' लिहून पाठवतात.

भाषणाचाही एक भाग होता. वाचणाऱ्याला पान मागे उलटता येतं, ऐकणाऱ्याला येत नाही, म्हणून बोलताना महत्त्वाची गोष्ट पुन्हा सांगावी लागते आणि वाक्यं आखूड ठेवावी लागतात. अ‍ॅरिस्टॉटलचंही बरंच झालं (बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मुद्द्यातला तर्क), पण ते बाबांना माझ्याआधीपासून जमतं. सोसायटीच्या सभेत तिन्ही वापरताना मी पाहिलंय.

माझ्या मनात घर केलं ते कार्ल रॉजर्स यांच्या एका नियमानं. ते मानसशास्त्रज्ञ. वाद थांबवण्याचा एक उपाय त्यांनी 1951 मध्ये सुचवला: समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, त्याचं समाधान होईल इतकं नेमकं, आणि मगच स्वतःचं बोलायचं. 1970 च्या एका पाठ्यपुस्तकानं हा विचार लेखनाच्या वर्गात आणला. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की कळतं, समोरच्याचं म्हणणं मांडताना आपण हळूच त्यात एक पोकळ मुद्दा सरकवतो, नंतर खोडायला सोपा जावा म्हणून.

शेवटचा निबंध या पद्धतीनं लिहायचा होता. विषय आपला आपण निवडायचा. मी कानाचं मशीन निवडलं.

रागावू नका, बाबा. त्यात तुमची बाजू मी अशी मांडली: मशीन लावलं की माणसांच्या बोलण्याबरोबर पंख्याची घरघर आणि भांड्यांचा आवाजही मोठा होतो. ओळखीच्या ज्यांनी घेतलं, त्यांचं आता कपाटात पडलंय. दर वर्षी कुठला ना कुठला अवयव दुरुस्तीला काढायचा, याचा तुम्हाला कंटाळा आलाय. आणि एक गोष्ट तुम्ही बोलला नाहीत, ती मी अंदाजानं लिहिली. चारचौघांत तुम्ही गप्प बसता ते ऐकू न आल्यामुळे तितकं नाही. लोक तुमच्याशी ओरडून, तुटक, लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलतात, त्यामुळे. मशीन लावलं तर ते कमी होईल याची तुम्हाला खात्री वाटत नाही.

आईची बाजूही लिहिली. दिवसभर प्रत्येक वाक्य दोनदा बोलून ती दमते, आणि हे तुमच्यासमोर म्हणत नाही.

गेली दोन वर्षं मी तुम्हाला फक्त दुकानांची माहिती आणि डॉक्टरांचे नंबर पाठवत होते. हे परिच्छेद लिहिताना त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही.

माझी बाजू आज लिहीत नाही. आधी तुम्ही तुमचा परिच्छेद लाल पेनानं तपासा. कुठे चुकलं, कुठे मी तुमच्या तोंडी नसलेलं घातलं, ते समासात लिहा आणि पान परत पाठवा. समास मुद्दाम रुंद सोडलाय. आई, तू त्यात भर घालू नकोस. तुझ्या परिच्छेदाचं पान वेगळं जोडलंय.

तुमचं पान आलं की मग माझं म्हणणं लिहीन.

तुमची,
ताई