मधलं बोट मुडपलं म्हणून काय बिघडलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगलीतल्या उन्हाळी क्रिकेट शिबिरांची बातमी आपल्या अंकात वाचली. मुलांना ‘शास्त्रशुद्ध’ गोलंदाजी शिकवतात, असं तीत म्हटलंय. त्या एका शब्दासाठी हे पत्र.

माझा बारा वर्षांचा नातू अशाच एका शिबिराला जातो. ऑफ स्पिन, म्हणजे बोटांनी वळवलेली फिरकी, टाकतो. गल्लीत टेनिसच्या चेंडूवर त्याची एक खोडी आहे. मधलं बोट मुडपून चेंडूच्या मागं दाबायचं आणि सोडताना कॅरमच्या स्ट्रायकरला मारतो तशी टिचकी मारायची. चेंडू कुठल्या बाजूला वळणार, हे गल्लीतल्या पोरांना अजून उमगलेलं नाही. शिबिरात तिसऱ्या दिवशी त्यानं हाच चेंडू टाकला, तर सरांनी बोट सरळ करायला लावलं आणि वर मैदानाला दोन फेऱ्या.

सरांचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. सहापैकी दोनच चेंडू टप्प्यावर पडले, एक तर यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून गेला. टेनिसचा चेंडू जेमतेम ५८ ग्रॅमचा, सीझनचा, म्हणजे कातडी, निदान १५६. मुडपलेल्या कोवळ्या बोटाला तो झेपायचा कसा? पण मग तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी नियमातच १३३ ते १४४ ग्रॅमचा, घेरानं लहान चेंडू आहे, तो का देत नाहीत? आमच्या शिबिरात सगळ्यांना एकच चेंडू, मोठ्यांचा.

आता शास्त्राचं. चेंडू टाकताना वाकलेलं कोपर किती सरळ होतं यावर १५ अंशांची मर्यादा आहे. बोटं कुठं ठेवायची यावर काहीही नाही. ऑस्ट्रेलियाचा जॅक आयव्हर्सन महायुद्धात न्यू गिनीत असताना टेबल टेनिसच्या चेंडूशी चाळा करत बसायचा. त्यातून त्याला ही मुडपलेल्या बोटाची पकड सापडली. १९५०-५१ मध्ये, पस्तिशीत, इंग्लंडविरुद्ध २१ बळी. श्रीलंकेच्या अजंता मेंडिसनं २००८ च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात १३ धावांत भारताचे सहा गडी टिपले, ते अजून आठवलं की पोटात गोळा येतो. पुढं फलंदाजांनी त्याचा हात वाचला, हेही खरं. नुसत्या खोडीवर कारकीर्द चालत नाही; पण ती खोडी नसती तर तो कुणाला माहीत झाला असता?

मी तीस वर्षं एसटीत वाहक होतो. तिकिटांना पंच मारून मारून अंगठा असा तयार झाला, की रविवारी कृष्णेच्या वाळवंटात चेंडू चुटकीसारखा बोटांतून निसटायचा, टप्पा पडल्यावर खाली राहायचा. त्याला फ्लिपर म्हणतात, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. तो ऑस्ट्रेलियाचा फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेटनं घडवलेला. बोटांची चुटकी फलंदाजाला ऐकू येते म्हणून हा गडी साधा लेगब्रेक (मनगटानं वळवलेला चेंडू) टाकताना मुद्दाम डाव्या हातानं चुटकी वाजवायचा म्हणे! याच ग्रिमेटचं मार्गदर्शन आपल्या सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंना लाभलं होतं.

मागणी फार नाही. ऑफ स्पिनचा साधा चेंडू, ऑफब्रेक, घोटून घ्या, तासभर घ्या. शेवटची पंधरा मिनिटं तेवढी मुलांना हवी तशी बोटं मुडपू द्या, लहान चेंडू द्या आणि त्या वेळात कुणाला फेऱ्या मारायला लावू नका. चेंडू गोळा करायला माणूस नसेल तर मी येईन. गुडघे कुरकुरतात, पण वाकता येतं.

आपला,
एक सेवानिवृत्त एसटी वाहक,
विश्रामबाग, सांगली