चीता थकला, पण त्याच्या बदलीचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लष्कराच्या चीता हेलिकॉप्टरला अपघात झाला की बातमीत एक ओळ ठरलेली असते : ‘हे हेलिकॉप्टर जुने झाले होते.’ ऑक्टोबर २०२२ मध्ये तवांगजवळ अपघात झाला तेव्हा हेच वाचले. मार्च २०२३ मध्ये अरुणाचलातच मंडालाजवळ दोन अधिकारी गेले, तेव्हाही हेच. ओळ खोटी नाही, पण बातमी तिथेच संपते आणि वाचणाऱ्याला वाटते, कुठले तरी टाकाऊ यंत्र आपल्या पोरांच्या गळ्यात मारले आहे. माझी सगळी नोकरी या हेलिकॉप्टरच्या देखभालीत गेली, त्यामुळे हा समज मला फार लागतो.

चीता मुळात आपल्या हिमालयासाठीच घडले. फार उंचावर, विरळ हवेत काम करील असे हलके हेलिकॉप्टर भारतीय सेनादलांना हवे होते. फ्रेंच अभियंत्यांनी आपल्याच अलुएत-२ या हेलिकॉप्टरचा हलका सांगाडा घेतला, त्यावर मोठ्या अलुएत-३ चे ताकदवान इंजिन आणि पंखे चढवले. हे ‘लामा’, म्हणजेच आपल्याकडचे चीता, १७ मार्च १९६९ रोजी पहिल्यांदा उडाले. त्याच वर्षी हिमालयातल्या प्रात्यक्षिकात दोघे वैमानिक आणि १२० किलो इंधन घेऊन ते साडेसात हजार मीटरवर उतरले आणि तिथून पुन्हा उडालेही. जून १९७२ मध्ये ज्याँ बूले या फ्रेंच वैमानिकाने ते १२,४४२ मीटरपर्यंत नेले. वर पोचल्यावर इंजिन विझले, परत पेटेना. बूले यांनी नुसत्या फिरत्या पंख्यांच्या आधारावर ते सुखरूप जमिनीवर आणले. इंजिन बंद पडल्यावर हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळते असे लोकांना वाटते, म्हणून हा प्रसंग मुद्दाम सांगतो.

यामागची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. त्याचे आर्तूस्त इंजिन मुळात ८७० अश्वशक्तीचे, पण प्रत्यक्षात त्याच्याकडून साधारण ५५० चेच काम घेतात. उंचीवर हवा विरळ झाली की कोणत्याही इंजिनाचा जोर घटतो. चीत्यात मात्र आधीच राखून ठेवलेला जोर तिथे कामी येतो. दमदार बैलजोडीला गाडी अर्धीच भरून द्यावी आणि घाट लागल्यावर त्याचे मोल कळावे, तसे. शेपटीला पत्रा नाही, उघड्या नळ्यांची जाळी आहे, तेवढेच वजन वाचते. रोज पहाटे टॉर्चच्या उजेडात या नळ्यांचे सांधे एकेक करून तपासायचे, कुठे केसाएवढा तडा दिसतो का पाहायचे, पंख्याच्या पात्यांवरून हात फिरवायचा. थंडीने बोटे बधिर झाली तरी हातमोजा काढावाच लागे, कारण हातमोज्यातून पात्यावरचा खडबडीतपणा कळत नाही.

१९७० मध्ये परवाना करार झाला आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बंगळुरूत जोडलेले पहिले चीता ऑक्टोबर १९७२ मध्ये उडाले. त्याचे थोरले भावंड चेतक, म्हणजे अलुएत-३, १९६५ पासूनच आपल्याकडे बनत होते.

एप्रिल १९८४ मध्ये सियाचिन हिमनदी ताब्यात घेण्याची मोहीम, ऑपरेशन मेघदूत, सुरू झाली आणि सियाचिनच्या चौक्या हेलिकॉप्टरवर विसंबून राहू लागल्या. त्या आजही तशाच आहेत. वीस हजार फुटांच्या आसपासच्या चौकीवर एका फेरीत जेमतेम वीस-पंचवीस किलो जाते. म्हणजे रॉकेलचा एक जेरीकॅन, फार तर सोबत टपालाची पिशवी. त्यासाठी मागची आसने, दारे काढून ठेवायची आणि इंधन अगदी मोजून भरायचे. जायचे जोडीने, म्हणजे एकाचे काही झाले तर दुसरा कळवू शकेल. दुपार चढली की हवा तापून आणखी विरळ होते, वारा उठतो, म्हणून जमेल तेवढे सकाळीच उरकायचे. वर उतरल्यावर इंजिन बंद करायचे नाही, कारण ते तिथे पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नसतो. जून १९८७ मध्ये बाना सिंग यांच्या तुकडीने ज्या शिखरावरची पाकिस्तानी चौकी जिंकली, तिच्या पायथ्यापर्यंत जवान एका फेरीत एक-दोन असेच पोचवले होते. हिमदंशाने पाय काळे पडलेला जवान खाली इस्पितळात पोचला तो याच चीत्यातून. १९९९ मध्ये कारगिलला जखमींना याच यंत्राने उचलले.

मात्र ते आता थकले आहे, हेही मीच सांगतो. काटेवाली जुनी उपकरणे, ऑटोपायलट नाही, डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा नाही. ढगात सापडलेल्या वैमानिकाला स्वतःच्या डोळ्यांशिवाय फारसा आधार नसतो. नवे इंजिन बसवून ‘चीतल’ केले, त्याने काही वर्षे निभावली, पण मूळ सांगाडा जुनाच.

माझी तक्रार पुढच्या इतिहासाबद्दल आहे. चीता-चेतकच्या जागी १९७ नवी हेलिकॉप्टरे घेण्याची निविदा २००७ मध्ये रद्द झाली. दुसरी २०१४ मध्ये रद्द झाली. २०१५ मध्ये रशियाच्या कामोव्ह-२२६टीचा करार गाजला, पण एकही हेलिकॉप्टर आले नाही. दरम्यान हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे स्वदेशी हलके उपयोगी हेलिकॉप्टर, म्हणजेच एलयूएच, ६ सप्टेंबर २०१६ रोजी उडाले. शक्ती इंजिन, साधारण तीन टनांचे वजन, दोन वैमानिक आणि सहा माणसे. लेह, दौलत बेग ओल्डी आणि सियाचिन इथे चाचण्या झाल्या. हवाईदलाच्या आवृत्तीला २०२० मध्ये प्राथमिक मान्यता मिळाली, लष्कराच्या आवृत्तीला २०२१ मध्ये. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकातल्या तुमकुरूच्या हेलिकॉप्टर कारखान्याचे उद्घाटनही पंतप्रधानांच्या हस्ते झाले. उद्घाटनाचा फोटो सगळ्यांनी छापला. चौकीवर रॉकेल मात्र चीताच नेत होते.

चाचण्या घाईने उरकाव्यात असे मी मुळीच म्हणत नाही. हिमालयात अर्धवट यंत्र पाठवणे म्हणजे जिवाशी खेळ. पण निविदा काढायच्या आणि रद्द करायच्या यात जी वर्षे गेली, ती चाचण्यांत गेलेली नाहीत. त्या वर्षांची किंमत वैमानिकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मोजली आहे.

आमच्या नाशिकरोडच्या गांधीनगरला लष्करी वैमानिक घडवणारी शाळा आहे. तिथे ‘विंग्ज’, म्हणजे वैमानिकाचे बोधचिन्ह, मिळवणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांचे, त्यांच्या आईवडिलांचे फोटो आपण कौतुकाने छापता. त्यातले कितीतरी जण इथून सरळ चीत्याच्या आसनावर जाऊन बसतात. तेव्हा माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे. संसदेच्या पुढच्या अधिवेशनाचे वार्तांकन करताना आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधीने दोन साधे आकडे मिळवून छापावेत : किती एलयूएच प्रत्यक्ष पथकांत दाखल झाली आणि किती चीता निवृत्त केली. आमच्या भागातल्या खासदारांनीही हेच सभागृहात विचारावे. उत्तर मिळेपर्यंत दर अधिवेशनात विचारत राहावे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त तंत्रज्ञ, नाशिकरोड