चांगल्या गणित शिक्षकाला वर्गातून उठवू नका : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सविनय नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. पत्राचा विषय बढतीचा असला तरी ही आणखी एक पगारवाढीची मागणी समजून बाजूला ठेवू नये, ही विनंती.

प्राथमिक शिक्षकाला वर चढायचे तर शिडी एकच: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटाचा, म्हणजे केंद्राचा, प्रमुख), विस्तार अधिकारी. 12 वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि 24 वर्षांनी निवड श्रेणी आहे, पण त्याने वेतन बदलते, काम बदलत नाही. मग ज्याचा गणितात हातखंडा, तोही शेवटी तक्ते भरायला जातो.

दुसरी-तिसरीतले मूल 42 मधून 17 वजा करून 35 लिहिते. नवखा शिक्षक फुली मारून म्हणतो, ‘हातचा विसरलास.’ मूल काही विसरलेले नसते. 7 मधून 2 गेले 5, 4 मधून 1 गेला 3. मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, हा नियम त्याने स्वतःच बांधलेला असतो आणि तो ते इमानाने पाळते. जाणता शिक्षक त्याच्यापुढे दशकांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवतो आणि सतरा काड्या मागतो. एक गठ्ठा सोडल्याशिवाय सतरा देताच येत नाहीत, मग फुलीची गरज उरत नाही. एकशे पाच हे 1005 असे लिहिणारे किंवा 1/2 आणि 1/3 यांची बेरीज 2/5 सांगणारे मूलही असाच आपला नियम चालवत असते. तो ओळखण्याची नजर गणिताच्या पदवीने येत नाही, डी.एड.मध्येही फारशी मिळत नाही. ती वह्या तपासता तपासता येते. शेजारच्या वर्गातल्या शिक्षकापर्यंत ती पोचवायची कशी? केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, असते, पण तिची दुपार परिपत्रके वाचण्यातच सरते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 म्हणते की शिक्षकाला त्याच्याच टप्प्यावर राहून पदोन्नती आणि वेतनवाढ मिळावी. सिंगापूरमध्ये शिक्षकांसाठी अध्यापन, नेतृत्व आणि विषयतज्ज्ञ असे तीन वेगळे मार्ग आहेत. पहिल्या मार्गावरचा शिक्षक शिकवत राहूनच वरच्या पदावर जातो. आणि केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत पायाभूत संख्याज्ञानासाठी 2026-27 ही मुदत घातली आहे. ती मुदत पाळायची कुणाच्या बळावर?

प्रत्येक केंद्रात एक गणित मार्गदर्शक शिक्षक नेमा. त्याने अर्धा आठवडा स्वतःचा वर्ग घ्यावा आणि उरलेला इतरांच्या वर्गात त्यांच्याबरोबर शिकवावे. तपासणीची वही त्याच्या हातात नको. ती दिसली की समोरचा शिक्षक आपली अडचण लपवतो, हे आपल्यालाही ठाऊक असेल. वेतन केंद्रप्रमुखाइतके द्या. निवड लेखी परीक्षेने करू नका, त्याचा पाठ पाहा आणि मुलांच्या चुकांबद्दल त्याच्याशी बोला. द्विशिक्षकी शाळेतून कुणाला घेतले तर तिथे बदली शिक्षक आधी द्या, नाहीतर ही योजना त्याच मुलांच्या मुळावर येईल.

आणि कृपा करून या पदाला पहिल्याच महिन्यात एखादे ऑनलाइन सर्वेक्षण जोडू नका.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका