टोमण्याआधी उत्तर द्यावे

महोदय,

पाण्याच्या वेळा, बंद पथदिवे, सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेले रस्ते अशा रोजच्या प्रश्नांची चर्चा नाशिकमध्ये आता बहुतांशी वसाहतींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते आणि तेथे उपरोधाला मिळालेले मोकळे रान मला अतिशय खटकते. आमच्या ग्रुपवर नव्याने राहायला आलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी शनिवारी पाणी येणार का, असे विचारले. 'काकू, तुमच्यासाठी गंगापूर धरणातून वेगळी लाइन टाकायला घेतली आहे,' असे उत्तर आले, त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली; पाणी येणार की नाही, हे मात्र कोणीही सांगितले नाही. त्या बाईंनी त्यानंतर ग्रुपवर काहीच विचारलेले नाही.

लिहिणाऱ्याला आपली थट्टा समोरच्याला कळेलच, अशी खात्री असते. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ईमेलमधला आपला उपरोधिक किंवा गंभीर सूर सुमारे 78 टक्के वेळा ओळखला जाईल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो 56 टक्केच वेळा ओळखला गेला, म्हणजे छापा-काटा करण्याहून थोडेच बरे. तशीच वाक्ये आवाजात ऐकणाऱ्यांना मात्र सूर सुमारे 73 टक्के वेळा कळला. गंमत कोणी खरी मानू नये, म्हणूनच संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी 1982 मध्ये टंकलिखित हसरा चेहरा सुचवला होता. आज तोच चेहरा बोचरेपणावर पांघरूण घालण्यासाठी वापरला जातो, याचे वाईट वाटते.

उपरोध मराठीला परका नाही. एकनाथांच्या भारुडांनी ढोंगावर कोरडे ओढले आणि तक्रारींना दाद न देणाऱ्या यंत्रणेबाबत आजही ते शस्त्र जरूर वापरावे. परंतु शेजाऱ्याशी मतभेद असताना ते उपसले की मूळ मुद्दाच बाजूला पडतो. साधुग्रामसाठी तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावावरून वाद पेटला, तेव्हा आमच्याकडे दोन्ही बाजूंनी टोमणेच जास्त झाले आणि साधूंच्या निवासाची दुसरी सोय कोठे होऊ शकते, यावर कोणी चार ओळीही लिहिल्या नाहीत.

ग्रुपच्या ॲडमिन मंडळींना माझी विनंती आहे, की माहिती विचारणाऱ्याला आधी माहिती मिळेल, हे त्यांनी पाहावे आणि टोमणा मारणाऱ्याला चारचौघांत न झापता फोन करून समजावावे. ज्याला एखादे मत पटत नाही, त्याने 'मला हे पटत नाही' असे सरळ लिहून पुढे कारण द्यावे.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक